तोंडातून गेलेलं ‘या’

पाहुणा तुमच्या दारातून निघतो, चपलेत पाय घालतो आणि म्हणतो, “येतो मग.” तेव्हा तुम्ही काय म्हणता? विचार करत बसू नका, लगेच सांगा. ‘या’ म्हणता ना? दोन तास बसून त्याने तुमचं डोकं खाल्लेलं असलं तरी ‘या’. दार लावून तुम्ही हुश्श करणार असलात तरी ‘या’. त्याने ‘जातो’ म्हणायचं नसतं आणि तुम्ही ‘जा’ म्हणायचं नसतं. लहानपणापासून हे जिभेवर असं बसलेलं असतं की शब्द तोंडातून गेलेला आपल्याच कानाला कळत नाही.

रुख्मिणी दुधाटेला ते कळायला पाहिजे होतं. अख्ख्या परभणी जिल्ह्यात हा शब्द गिळायला शिकलेली ती एकटी बाई होती.

बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत तिचं पिको-फॉलचं दुकान आहे. एक शटर, दोन मशिनी, भिंतीला टांगलेल्या लोकांच्या साड्या. नवरा व्यंकटराव एका शाळेत क्लार्क. ही पालमकडच्या खेड्यातली, सातवी शिकलेली, अंगाने बारकी आणि तोंडाने तिखट. चारची वेळ दिलेलं गिऱ्हाईक पाचला आलं तर साडी मिळायची, पण त्याआधी ऐकून घ्यावं लागायचं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी शटरच्या कडेला उभं राहून हळूच म्हणायचं, “अक्का, आमच्या घरी एक बाई येऊन बसलीय. जायना झालीय.” मग रुख्मिणी मशीन बंद करायची, हातातली साडी घडी घालून ठेवायची आणि निघायची.

हसू नका. लिंबू-बिब्बेवाल्यांतली ती नव्हे. अंगारा देत नाही, अंगात येत नाही, केस मोकळे सोडून घुमत नाही. त्या लोकांवर तिचा इतका राग की एका बाबाला तिने भर बाजारात मशीनच्या तेलाची बाटली फेकून मारली होती. घरात जे येऊन बसलंय ते बाहेर काढायचं, एवढंच तिचं काम.

आणि येऊन बसतं ते दिसायला चारचौघींसारखं असतं. भर दुपारी बाई येते. हातात वायरची पिशवी, तोंडावर हसू. दारात उभी राहून विचारते, “ओळखलं का?” आता खरं सांगा, अशा वेळी ‘नाही’ कोण म्हणतं? कुठल्या लग्नात भेटली असेल, सासरकडची असेल, नाही म्हटलं तर तिला काय वाटेल. घरची बाई शरमेने म्हणते, “ओळखलं की, या ना.” झालं. ती आत येते, चहा घेते आणि बसते. तिला बसणारी म्हणतात. ती मारत नाही, ओरबाडत नाही. घरात ज्याच्या बोलण्याने घर भरलेलं असतं, त्याचा आवाज बसल्या जागी पीत राहते. आठ-पंधरा दिवसांत ते माणूस मुकं. डॉक्टर घशात बॅटरी मारून बघतात आणि सगळं ठीक आहे म्हणतात. घरच्यांना वाटत राहतं, पाहुणी आहे, आज ना उद्या जाईल.

रुख्मिणीला हे थोरल्या जावेने शिकवलं. जाऊ आता नाही. ती म्हणायची, बसणारीला नातं नसतं. तिच्यासमोर बसायचं आणि आपण बायका नव्या बाईला जे विचारतो तेच विचारत राहायचं: माहेर कोणतं, आजोळ कोणतं, मामा काय करतो. खोटं नातं फार लांब जात नाही. ते तुटलं की तिला उठावंच लागतं. पण उठली म्हणजे संपलं नाही. दारात ती हमखास म्हणणार, ‘येते.’ तिथं आपण ‘जा’ म्हणायचं, स्पष्ट.

“‘या’ म्हणलीस तर तू बोलावलंस,” जावेने बजावलं होतं. “मग तिला माहेर इचारायचा हक तुला न्हाई. जिनं बोलावलं तिनंच माघारी घ्यायचं. जेवढ्यांनी ऐकलं, तेवढ्यांच्या देखत.”

पंधरा वर्षांत रुख्मिणीवर माघारी घ्यायची वेळ आली नव्हती. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नव्हती.

आता भक्तीचं सांगायला पाहिजे. स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागं माईकवर बसणारी सत्तावीस वर्षांची मुलगी. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गंगाखेडमार्गे पालमला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे.” हॉर्न, भांडणं, रसाच्या गाड्यांचे घुंगरू, या सगळ्यावरून तिचा आवाज सरळ जायचा. ‘पालम’ म्हणताना ती ‘ल’वर किंचित रेंगाळायची. मशीनवर बसलेल्या रुख्मिणीला ते रोज ऐकू यायचं, आणि आपल्या गावाचं नाव कोणीतरी नीट घेतं म्हणून बरं वाटायचं. फेब्रुवारीत तो आवाज आधी घोगरा झाला, मग नुसती हवा यायला लागली. भोंग्यावर दुसरंच कोणी बोलू लागलं.

एका दुपारी भक्तीची आई सुमनबाई दुकानात आली. घरात मायलेकी दोघीच. पाहुणी येऊन तीन आठवडे झाले होते.

रुख्मिणी त्यांच्या घरात शिरली तेव्हा बसणारी खुर्चीत टेकून बसली होती. लिंबू रंगाची साडी. रुख्मिणीने तोंडाआधी पदराची कड बघितली. पिको नाही, गाठी नाहीत, तरी एक धागा सुटलेला नाही. दारातल्या चपलेचा तळ कोरा, कधी जमिनीला टेकलाच नसावा असा. तिची खात्री पटली. समोर फरशीवर मांडी घालून ती बसली.

“कुठल्या वं बाई तुमी?”

“मानवतच्या.”

“सासर झालं ते. माहेर?”

“सेलू.”

“आन आजोळ?”

“आजोळबी सेलूच.”

“मायचं माहेर आन लेकीचं माहेर एकच? मग तुमचा बाप घरजावई व्हता काय?”

सुमनबाईला तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसू फुटलं. बसणारीने पाणी मागितलं. रुख्मिणीने पाणी दिलं आणि पुन्हा विचारायला लागली. दोन तास चाललं ते. मामाचं नाव दोनदा बदललं. चुलत बहिणीचं लग्न आधी झालं आणि तिचा जन्म मागून झाला. मावशी एकदा वारली आणि पुढच्या दिवाळीला चोळी घेऊन आली. शेवटी रुख्मिणी म्हणाली, “सख्ख्या मामाला तुमी ओळखंनात, आन लोकांच्या दारात जाऊन इचारता, ओळखलं का म्हणून?” बसणारीचा चेहरा उतरला. ती उठली. त्याच वेळी आतल्या खोलीतून भक्ती खाकरली आणि म्हणाली, “आई.”

इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

पण तोवर बाहेर गल्ली जमली होती. त्यात परमेश्वर होता. वॉर्डातला कार्यकर्ता. पावसात कोणी पाय घसरून पडलं नाही म्हणूनही एखाद्याला शाल घालेल, असा माणूस. शाल, नारळ आणि फोन घेऊन तो हजर. “अक्का, इकडं बघा. थोडं हसा.” निळ्या दारासमोर रुख्मिणीला उभं केलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. भक्ती रडत-हसत मावशी, मावशी करत होती. पंधरा वर्षं रुख्मिणीने हे काम मागच्या दाराने केलेलं, आणि आज पहिल्यांदा कोणी तिचं नाव मोठ्याने घेत होतं. शालीची ऊब तिला डोक्यापर्यंत चढली. बसणारी तिच्या शेजारून वाट काढत गेली, चपलेत पाय घातला आणि अगदी घरच्या माणसासारखं म्हणाली, “येते हं, ताई.”

आणि फोनकडे बघून हसत रुख्मिणी म्हणाली, “या, या.”

एकदा नाही. दोनदा.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गंगाखेड ओलांडून गेला. व्यंकटरावांनी चहा घेता घेता तो बघितला आणि सहज विचारलं, “हे ‘या, या’ कोणाला म्हणालीस गं?” रुख्मिणीने सांगितलं, परमेश्वरला, कार्यक्रमाचं बोलायचं होतं म्हणून. ते मान हलवून पेपराकडे वळले. ती दुकानात गेली, शटर अर्धं ओढलं आणि व्हिडिओ अकरा वेळा लावला. अकराही वेळा तिचाच आवाज.

त्याच संध्याकाळी ती सुमनबाईकडे जाऊ शकत होती. माझ्या तोंडून चुकून गेलं, आपण निस्तरू, एवढंच सांगायचं होतं. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात बायका फोटो काढायला आल्या. शाल तिने मशीनच्या वर खिळ्याला लावलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी अशी. एवढ्या गलक्यात बसणारीला ऐकू गेलं नसेल, असं तिने मनाला सांगितलं. ऐकू गेलंय हे मनाला ठाऊक होतं.

नवव्या दिवशी दुपारी भोंग्यावर भक्ती म्हणाली, “परभणीहून जिंतूरमार्गे ये…” आणि येलदरी आलंच नाही. रुख्मिणीचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. तरी ती उठली नाही. सुमनबाई बोलवायला येईपर्यंत बसून राहिली.

या वेळी सुमनबाईच्या घरात वायरची पिशवी खिळ्याला टांगलेली होती. बसणारीच्या हातातला कपही तिचा स्वतःचा वाटावा इतकी ती सैल बसली होती. रुख्मिणीने समोर बसून विचारलं, “माहेर?”

“माहेर कशाला इचारता, ताई? मला बोलावणं हाय.”

“कोणाचं?”

बसणारीने मान वळवली, रुख्मिणीकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसली. ती सांगणार होती.

रुख्मिणीने तिला सांगू दिलं नाही. झटक्याने सुमनबाईकडे वळली आणि आवाज चढवून म्हणाली, “तुमीच म्हणल्या असताल! तुमीच दारात उभ्या व्हत्या त्या दिवशी. जिभेची सवय जात न्हाई तुमची.”

सुमनबाई बावरली. तिने आठवून बघितलं. खरोखर आठवून बघितलं, डोळे मिटून. मग म्हणाली, “म्हणले असंन बाई. मला ध्यान न्हाई.”

तिने भांडायला पाहिजे होतं. ती भांडली असती तर रुख्मिणीला सोपं गेलं असतं.

गल्लीला असल्या गोष्टी कळायला वेळ लागत नाही, आणि बाईवर खापर फोडायचं असलं तर अजिबात नाही. आईनेच लेकीचा आवाज घालवला, असं दोन दिवसांत सगळीकडे झालं. व्हिडिओतलं ‘या, या’ रुख्मिणीने परमेश्वरला म्हटलेलं, असंच सगळे धरून चालले होते. सुमनबाईने त्या दिवसापासून कोणालाच ‘या’ म्हणायचं सोडलं. दूधवाला, शेजारीण, कोणीही असो. सोनपेठहून तिचा भाऊ आला, निघताना “येतो ताई” म्हणून थांबला. ताईने तोंडावर पदर दाबून धरला आणि भिंतीकडे बघत राहिली. भाऊ फुगून गेला. सकाळी ड्यूटीवर निघताना भक्ती नुसते ओठ हलवून ‘येते’ म्हणायची, तिलाही आई उत्तर देईना. एका खुर्चीत बसणारी, आणि तिच्या समोर दोन मुक्या बाया.

रुख्मिणीला हे सगळं कळत होतं. दुकान गल्लीच्या तोंडावर आहे, तिथं कळत नाही असं काही नसतं.

सोमवारी सुमनबाई दुकानात आली. बसली नाही, उभीच राहिली. आठवडाभर माणसांशी न बोलल्याने तिचा आवाज गंजल्यासारखा झाला होता. ती म्हणाली, “जिनं बोलावलं तिनंच माघारी घ्यायचं म्हणं. मी रोज तिच्यासमोर उभी राहायलेय. चुकले म्हणायलेय, हात जोडायलेय. ती नुसती हसायलीय. मी नीट म्हणत नसंन. तुमी लय जाणत्या यातल्या. कसं म्हणायचं, तेवढं मला शिकवा.”

मशीन चालूच होती. सुई कोणाच्या तरी पैठणीच्या काठातून भलतीकडे गेली आणि तुटली. रुख्मिणीची मान वर होईना. खाली बघावं तर फाटलेला काठ, वर बघावं तर शाल. कानशिलं तापली होती, आणि तो राग नव्हता. रागाची तिला चांगली ओळख होती.

“तुमी न्हाई म्हणल्या,” ती काठाकडे बघत म्हणाली. “मी म्हणले. मला त्याच दिवशी कळलं व्हतं.”

रुख्मिणीने मान वर केली तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. जाताना सुमनबाई ‘येते’ म्हणाली नव्हती.

मग रुख्मिणी उठली. दुकान उघडं टाकून, चष्मा नाकावर तसाच ठेवून, सरळ स्टँडवर गेली. दुपारचा एक वाजला होता. चौकशीच्या काचेवर भक्ती कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवत होती: पालम, चार, १.१५. तिने तोपर्यंत नोकरी अशीच ओढत नेली होती, पण चिठ्ठ्यांवर किती दिवस निभणार? रुख्मिणीने स्टँडच्या साहेबांकडे माईक मागितला. ते का, कशाला करत होते, तेवढ्यात भक्तीनेच तो तिच्यापुढे सरकवला. व्हिडिओ हजारोंनी ऐकला होता. तेवढ्यांच्या देखत बोलायला गावात याहून मोठी जागा नव्हती.

“मी रुख्मिणी व्यंकटराव दुधाटे, पिको-फॉलवाली,” भोंग्यातून आवाज आला. “माझा व्हिडिओ तुमी बघितलाय. त्यात ‘या’ म्हणणारी मी हाय. सुमनबाई न्हाई. मी. शाल घेऊन फुगले व्हते. मागून कळलं तरी गप बसले, आन त्या माऊलीवर ढकललं. तिच्या तोंडावर खोटं बोलले.” भोंग्यात नुसता श्वास ऐकू आला. “माझं ‘या’ मी माघारी घेते. जा. निघ. जा.”

रसाच्या गाड्याचं चाक थांबलं. मग चार नंबरच्या फलाटावरून एक म्हातारं ओरडलं, “ते समदं खरं हाय बाई, पर पालमची गाडी लागली का न्हाई?”

लोक हसले. आणि रुख्मिणीच्या शेजारून, घासलेल्या, अर्ध्या आवाजात भक्ती म्हणाली, “फलाट क्रमांक चार.”

घरी खुर्ची रिकामी झाली होती आणि खिळ्यावर पिशवी नव्हती. लिंबू साडीतली बाई येलदरीच्या गाडीत खिडकीशी बसलेली दिसली, असं कोणी म्हणालं.

रुख्मिणी शाल परत द्यायला परमेश्वरकडे गेली. त्याने परतीचाही फोटो काढला. मग ती सुमनबाईकडे गेली. सुमनबाईने चहा दिला, बशी पुसून दिली. निघताना रुख्मिणी दारात थांबली आणि म्हणाली, “येते.” चपला घालायला तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. सुमनबाईने कडीवर हात ठेवला होता. तिने रुख्मिणीकडे बघितलं, आणि दार हळूच लावून घेतलं. हे चुकीचं झालं असं रुख्मिणीही म्हणत नाही. त्यानंतर ती त्या दारावरून गेलेली नाही.

भक्तीचा आवाज आला, पण पुरता नाही. घोषणा करता करता मध्येच तुटतो, ‘सोन’ होतं आणि ‘पेठ’ राहून जातं, मग थोड्या वेळाने पुन्हा जुळतो. का, ते रुख्मिणीला लवकरच कळलं. तिच्याकडे फोन यायला लागले. येलदरीहून, सोनपेठहून, पालमहून. “अक्का, आमच्या घरी एक बाई येऊन बसलीय.” साडी कोणत्या रंगाची, हे ती विचारत नाही. एवढंच विचारते, व्हिडिओ बघितला होता का? समोरचा माणूस म्हणतो, हो, तुमचाच की. तेव्हा तिला फोन हातात धरवत नाही. स्टँडवर माघारी घेतलेलं स्टँडवर जे होते त्यांनी ऐकलं. पण कोणीही कुठंही तो व्हिडिओ लावला की घरात तिचा आवाज बोलतो, या, या. तिकडं एक बाई दारात उभी राहते आणि इकडं भक्तीचं एक गाव अर्धं राहतं. परमेश्वरने त्याच्या फोनातला पुसला. त्याने काय होणार? ती आता रसाच्या गाड्यांवर, टपऱ्यांवर, गिऱ्हाइकांपुढं हात जोडून फोन मागते. मिरवलेली गोष्ट स्वतःच्या हाताने पुसत फिरते. सगळ्यांपर्यंत तिचे पाय पोचत नाहीत, म्हणून हे सगळं नावानिशी लिहा, असं तिनेच मला सांगितलं.

तेव्हा तुमचा फोन काढा. निळं दार, शाल, नारळ, आणि हसणारी एक बारकी बाई. गंमत म्हणून शेवटचं एकदा लावून बघू नका. न ऐकता पुसा. आणि पुसताना तोंडाने एकदा, जड गेलं तरी, मोठ्याने म्हणा: जा.